दम घेणारी गाडी

पद्मक्काचा डावा पाय लहानपणीच्या तापात बारीक पडला होता. कुणी नवीन माणूस घरी आलं आणि त्याची नजर कुबडीवरून पायाकडं घसरली की ती आपणहून सांगायची, "त्यो पाय माझ्याआधी रिटायर झालाय. पेन्शन मात्र मागत न्हाय." समोरच्याला हसावं की गप्प बसावं कळायचं नाही, आणि तेवढ्यात ती त्याला पाणी विचारून मोकळी व्हायची. अशा बाईला गाडी चालवायची हौस. क्लच दाबायला डावा पाय लागतो, म्हणून तिनं शोधून शोधून क्लच नसलेलीच गाडी घेतली. कोल्हापूरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी बरीच वर्षं वापरलेली, पांढरी, छोटी, जिचे गिअर चालता चालता आपले आपण बदलत. निपाणीत तेव्हा अशी दुसरी गाडी माझ्या पाहण्यात नव्हती. पेट्रोल भरायला थांबलो की लोक खिडकीतून वाकून खाली बघायचे आणि विचारायचे, "अक्का, तिसरं पायडल कुठं गेलं?" पद्मक्का म्हणायची, "पायासंगट गेलं."

त्या गाडीत तिच्या शेजारी बसणं हे माझं काम होतं. मी जांबोटीच्या पुढची. आमच्या घरापासून शाळा म्हणजे रान तुडवत जायची वाट. पावसाळ्यात बस यायची नाही, चालत पोचेपर्यंत पहिले तास होऊन गेलेले असायचे, आणि नववीत असताना एका सकाळी मी खुंटीवरचं दप्तर काढलंच नाही. कुणी काही बोललं नाही. ते न बोलणंच मला जास्त लागलं. मग काही वर्षं भात, गुरं, शेण. पुढं आईच्या ओळखीच्या एका बाईनं मला निपाणीत पद्मक्काच्या दारात आणून सोडलं. पद्मक्का खेड्यांतून शिवणक्लास घ्यायची. तिची कुबडी गाडीत घ्यायची, उतरताना हातात द्यायची, मशीन उचलायचं, आणि घरी असलो की भाकऱ्या थापायच्या, पाणी भरायचं, एवढं माझ्याकडं होतं. मी तेव्हा सतत धास्तावलेली असे. स्वयंपाकघरात ताट वाजलं तरी आपलंच काही चुकलं असं वाटे. आता इंदूरला स्वतः व्हॅन चालवून शाळेची पोरं नेते-आणते, भर चौकात ट्रकवाल्याला मागं घ्यायला लावते. तरी झोपेत कधी कधी ते ताट वाजतंच.

घर जैनांचं. पुढं कट्टा, मागं परसात आड, आणि बाजूला एक रिकामी लांबोडी खोली, जिथं पूर्वी तंबाखू साठवायचे. आप्पांनी, म्हणजे पद्मक्काच्या वडिलांनी, व्यापार सोडून बराच काळ झाला होता, पण पावसाळी हवेत त्या खोलीच्या भिंतींतून तंबाखूचा वास घरभर पसरायचा आणि आप्पा शिंकायचे. त्या घरात कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. मी भाताच्या पेजेवर वाढलेली. जोंधळ्याची भाकरी पहिल्यांदा घशाखाली उतरेना. मग हिंग-जिऱ्याच्या मटकीच्या आमटीला आणि शेंगदाण्याच्या चटणीला जीभ अशी सरावली, की कुणा नातेवाइकाकडून खपली गव्हाची खीर आली तर डब्याचं झाकण उघडायच्या आधी मला वासावरून कळायचं. दिवस कलला की घराचे आवाज बदलायचे. पाट सरकायचे, तांब्या घंगाळ्यावर आदळायचा, आप्पा अंगणातून आकाशाकडं बघत आत यायचे. कारण सूर्य मावळायच्या आत जेवण झालं पाहिजे. नाही झालं तर मग नाही. मावळल्यावर ती दोघं पाणीसुद्धा घ्यायची नाहीत. ती दोघं उठली की मी जेवायची. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं, मीच तसं धरलं होतं.

आणि पाणी गाळणं. पहिल्याच सकाळी आप्पांनी मला शेजारी उभं करून ते दाखवलं. मांजरपाटाचा दुहेरी तुकडा कळशीच्या तोंडावर धरायचा, आडाचं पाणी हळू ओतायचं, आणि झालं की फडकं उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं खळबळायचं. ते पाणी मोरीत टाकायचं नाही. बादलीत घेऊन, बादली आडाच्या पाण्याला टेकवून, अलगद सोडायचं. फडक्यावर अडकलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव आपापल्या घरी परत गेले पाहिजेत. मला हे फार आवडलं. पाण्यातल्या किड्यालाही जे घर टाकून देत नाही ते आपल्याला टाकणार नाही, असं वाटलं. फक्त मला माझ्या घरी परत पोचवू नये, एवढी इच्छा होती. धुण्या-भांड्याच्या पाण्याला नगरपालिकेचा नळ होता, त्याच्या तोंडालाही आप्पांनी कापडाची पिशवी बांधून ठेवलेली. दूध गाळायचं, तेल गाळायचं, आंघोळीचं पाणीसुद्धा गाळायचं. न गाळलेलं काही आत जाऊ द्यायचं नाही, हा आप्पांचा नेम.

गाडी बिघडली ती आल्यानंतर थोड्याच दिवसांत. कणगल्याचा क्लास उरकून आम्ही हायवेनं परतत होतो. चांगली पळणारी गाडी एकदम गुरगुरायला लागली. एंजिनचा आवाज वाढतोय, पण गाडी पुढं रेटत नाही; गिअर वर चढेना, जणू बैल जोखडातून मान काढून उभा राहिलाय आणि गाडीवान नुसता ओरडतोय. पद्मक्कानं कडेला घेतली. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. एंजिन बंद करून आम्ही बसून राहिलो. समोर पश्चिमेला उसाच्या तुऱ्यांमागं सूर्य गेला. पद्मक्का तिकडं बघत म्हणाली, "गेलं बघ जेवण." मग उगीच म्हणून तिनं चावी फिरवली, गिअरचा दांडा खाली ओढला, आणि गाडी काही झालंच नाही अशी निघाली.

घरी आलो तर आप्पा पाटावर बसलेले. समोर दोन ताटं, दोन्ही पालथी. "तू येशील म्हटलं," एवढंच ते बोलले. म्हणजे तेही जेवले नव्हते. पद्मक्कानं मला वाढलं, मला चालत होतं. मी भाकरी मोडली आणि तशीच झाकून ठेवली. असं पुढं वारंवार व्हायला लागलं. कधी दांडा मागं टाकला की गाडी बराच वेळ विचार करून झटक्यानं मागं यायची, कधी तवंदीच्या घाटात दुसऱ्या गिअरलाच अडून बसायची. थोडं थांबलं की पुन्हा शहाणी.

भरमूअण्णाच्या कानावर हे गेलंच. हा पद्मक्काचा धाकटा भाऊ, इचलकरंजीला असायचा. मनानं चांगला, बहिणीवर जीव. पण काळजी करायला लागला की हुकूम सोडायचा. आला आणि चहाही न घेता म्हणाला, "अक्का, आप्पांचं वय बघ. तुझ्या गाडीपायी म्हातारा उपाशी झोपतोय. इकून टाकू."

"आणि क्लास?"

"पोरी येतील की हितं."

"कणगल्याच्या पोरी निपाणीला येणार? त्यांस्नी घरातनं पारापर्यंत सोडत न्हाईत. मी जातो म्हणून त्या शिकत्यात."

अण्णानं अंगणातल्या गाडीकडं बघितलं. मग म्हणाला, "दसऱ्याला गिऱ्हाईक घेऊन येतो. तवर नीट झाली तर तुझी, न्हाईतर त्याची." आणि माझ्याकडं वळून, अगदी मायेनं, "मग ह्या पोरीला बी कशाला अडकवून ठेवायचं? जाऊ दे आईकडं." मी हातातला पेला विसळत होते. तो मी बराच वेळ विसळत राहिले.

गाडीचा मिस्त्री म्हणजे रज्जाक. ट्रकचा गिअरबॉक्स गप्पा मारता मारता उतरवणारा, पण ही गाडी दिसली की डोकं खाजवायचा. "अक्का, हिला क्लच न्हाय, मग मी कान कुणाचा पिळू?" गाडी आली तेव्हा गिअरबॉक्सचं जुनं काळपट तेल काढून नवं लाल तेल त्यानंच आमच्या अंगणात भरलं होतं. त्यानं काडी काढून तेलाची पातळी बघितली. काहीच खोट दिसेना. शेवटी त्यानंच सांगितलं, बेळगावात खासबागेत एकजण अशा गाड्या बघतो. वाटेत थांबत, दम खात, आम्ही गाडी तिथवर नेली. त्या मिस्त्रीनं आधी रज्जाकची एक चूक काढली: या गाड्यांचं तेल एंजिन चालू ठेवून, गाडी तापल्यावर बघायचं, बंद गाडीत नव्हे. तसं बघितलं, तरी तेल बरोबर भरलं. त्यानं ते बोटावर घेऊन हुंगलं. जळका वास नाही. अ‍ॅक्सिलेटरपासून गिअरबॉक्सला जाणारी तार सैल होती, ती ताणली. मग हात पुसत म्हणाला, "आतल्या चकत्या झिजल्या असणार. आख्खा गिअरबॉक्स बदला."

"असणार म्हणजे? बघितलास का?" पद्मक्कानं विचारलं.

"बघायचं तर उतरवायला लागतोय. उतरवल्यावर मग बदलायलाच लागतोय, अक्का."

तो खोटं बोलत नव्हता. त्याचा अनुभव तसा असेल. पण परतीच्या वाटेवर पद्मक्का बराच वेळ स्टिअरिंगवर बोटं वाजवत होती. "चकत्या झिजल्या असत्या तर तेल जळलं असतं. जळलेलं न्हाय म्हणतोय. मग झिजल्या कशानं?" तार ताणल्यानं दिवसभर फरक पडला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सगळे म्हणायचे, गाडी तापते म्हणून होतंय, थांबवली की निवते. मलाही तसंच वाटायचं. पद्मक्काला वाटायचं नाही. ती म्हणाली, "नुसतं वाटून काय उपयोग? करून बघू."

तवंदीच्या चढावर एक वडाचं झाड होतं. बहुतेक वेळा गाडी तिथंच हाय खायची. पहिल्या दिवशी अडली तशी पद्मक्कानं तिथं उभी केली, पण एंजिन बंद केलं नाही. जपाची माळ काढली आणि पूर्ण माळ ओढली. घड्याळापेक्षा तिचा त्या माळेवर भरवसा. माळ संपली, दांडा टाकला. गाडी हलेना. दुसऱ्या खेपेला एंजिन बंद करून माळ ओढली, गाडी वाऱ्यासारखी घाट चढली. तिसऱ्या खेपेला एंजिन बंद केलं आणि जेमतेम चार मणी ओढून पुन्हा चालू केलं. तरी चढली. पद्मक्कानं माळ डोळ्यांना लावली आणि म्हणाली, "चार मण्यांत गाडी निवती व्हय गं? हे तापण्याचं न्हाय. हिला दम लागतोय. एंजिन बंद केलं की दम घेतीया." पण दम कशाचा लागतो, ते दोघींनाही सांगता येईना. अजूनही एखादी गाडी अडली की मी आधी काही उघडत नाही. एकावेळी एकच गोष्ट बदलते आणि बघते. ही सवय त्या वडाखालची.

उत्तर मला नळावर सापडलं. पावसाळा सरत आला होता, नळाला गढूळ पाणी येत होतं. मी भांडी घासत होते. नळाच्या तोंडची पिशवी फुगली, धार बारीक होत होत करंगळीएवढी झाली. पिशवी धुवायचा कंटाळा आला की मी एक युक्ती करायची: नळ बंद करायचा. आतल्या बाजूनं कापडाला चिकटलेला गाळ पाणी थांबलं की आपोआप खाली बसतो. पुन्हा नळ सोडला की धार मोठी, थोडा वेळ, मग गाळ परत चिकटतो. त्या दिवशी मी नळ बंद केला, सोडला. परत बंद केला, परत सोडला. भांडी तशीच टाकून परसात उभी राहिले. सांगावं की नको. आपण नववी नापास नाही, नववीच पुरी केलेली नाही, आणि खासबागेच्या मिस्त्रीनं सांगितल्यावर आपण काय सांगणार. पण दसरा जवळ आला होता, आणि हे सांगण्यापेक्षा जांबोटीची बस मला जास्त भीतीदायक वाटली.

पद्मक्का दोडके चिरत होती. मी म्हटलं, "अक्का, गाडीच्या आत गाळणं असतंय का?"

ती हसली नाही. विळी बाजूला सारून म्हणाली, "कशावरनं?" मी तिला नळापाशी नेलं आणि दाखवलं. तिनंही दोनदा नळ बंद करून सोडला. मग माझ्या डोक्यावर ओल्या हातानं टप्पल मारून म्हणाली, "रज्जाकला बोलीव."

रज्जाक म्हणाला, "असतंय की. खालच्या चेंबरच्या आत जाळी असती, तिथनं पंप तेल ओढतोय. पण मी तेल नट काढून सोडलतं. चेंबर उघडलाच न्हाय."

"आता उघड."

"अक्का, पॅकिंग फाटलं आणि दुसरं मिळालं न्हाय तर गाडी उभीच राहील. दसरा तोंडावर हाय."

"राहू दे उभी. गिऱ्हाईक ढकलत नेईल."

दुसऱ्या सकाळी अंगणात चाकांना दगड लावून गाडी उचलली. रज्जाक फळीवर पाठ टेकून खाली गेला, पद्मक्का स्टूल घेऊन बसली, मी घमेलं धरलं. आप्पा कट्ट्यावर पोथी वाचत होते. लाल तेल घमेल्यात उतरलं, मग चेंबर सुटला, आणि रज्जाकनं जाळी काढून उजेडात धरली. जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर गुलाबी, मऊ, लोकरीसारखा जाड थर बसला होता.

"आयला, उंदरानं पिल्लं घातली काय हितं," रज्जाक म्हणाला, आणि त्याची नजर कट्ट्याकडं गेली.

मला ते बघताक्षणी कळलं. पद्मक्काकडं बघितलं, तिलाही कळलं होतं. गाडीचं तेल बदलायच्या दिवशी मी चुलीपाशी होते आणि खिडकीतून सगळं दिसत होतं. आप्पा आतून नवंकोरं मांजरपाट घेऊन आले होते. रज्जाक म्हणाला होता, डबा सीलबंद हाय आप्पा. आप्पा म्हणाले, असू दे, पोरगी बसणार हाय ह्या गाडीत. मग कापड दुहेरी करून ते सगळं नवं तेल गाळून भरलं. तेल दाट, लवकर उतरेना, तेव्हा आप्पांनी ते कापड स्वतःच्या हातांनी पिळून पिळून तेल काढलं. न धुतलेलं नवं कापड, त्याची खळ, कडांचे सुटे दोरे. लेकीची गाडी स्वच्छ राहावी म्हणून त्यांनी केलं होतं, आणि त्याच गाडीपायी लेक आणि बाप दोघं उपाशी झोपत होते.

रज्जाक जाळी मागं लपवल्यासारखी करून पुटपुटला, "जुन्या गाड्यांत असं येतंय कुठनं तरी." पद्मक्कानं लगेच मान डोलावली. मीही डोलावली. तिघंही एका म्हाताऱ्याला वाचवायला निघालो होतो, आणि तो म्हातारा पोथी मिटून आमच्याकडं येत होता.

"दाखव," आप्पा म्हणाले.

रज्जाकनं जाळी दिली. आप्पांनी तो थर चिमटीत घेऊन अंगठ्यानं चोळला. तंबाखूचं पान चोळून कुठल्या शेतातलं ते सांगणारी ती बोटं. थोडा वेळ चोळलं, उन्हात धरलं, एक धागा ओढून लांब केला.

"मांजरपाट हाय," ते म्हणाले. "आमचंच."

पद्मक्का म्हणाली, "आप्पा, तुम्ही चांगल्यासाठीच..."

"चांगल्यासाठीच केलंय. चूक बी चांगल्यासाठीच झालीया." मग रज्जाककडं वळून, "तू का अडवलं न्हाईस रं?"

"मी म्हटलं आप्पा, स्वच्छच होतंय, काय वाईट? आणि तुमच्या हातातलं गाळणं कोण काढून घेणार?"

आप्पा हसले. त्या घरात आल्यापासून मी त्यांना तोंड उघडून हसताना तेव्हाच बघितलं. "दोघं बी शाणे," ते म्हणाले. "आता काय करायचं ते सांग."

रज्जाकनं जाळी पेट्रोलमध्ये बुडवून ब्रशनं साफ केली. वरचा एक ठोकळाही उतरवला. त्यात बोटाएवढे दट्टे होते, तेल जसं ढकलेल तसे सरकायचे आणि त्यावर गिअर बदलायचा. एक दट्टा हलेना. त्याला एक दोरा विळखा घालून बसला होता. त्यापायीच गाडी दुसऱ्यावर अडायची, रज्जाक म्हणाला, आणि पुसण्यासाठी खिशातून फडकं काढलं.

"फडकं न्हाय," आप्पा कडाडले. रज्जाकचा हात हवेतच राहिला. "त्या ठोकळ्याला फडकं लावायचं न्हाय. पेट्रोलनं धू, वाऱ्यानं वाळीव."

"हात तरी पुसू का, आप्पा?"

"शर्टाला पूस."

मग मी सायकलचा पंप आणला आणि रज्जाक धरेल त्या भोकात वारा मारत बसले. पॅकिंग खरंच फाटलं होतं, ते कोल्हापूरहून येईस्तोवर गाडी दगडांवर उभी, आणि मी रोज सकाळी उठून आधी तिच्याकडं बघायची. पॅकिंग आलं ते दसऱ्याच्या आदल्या दिवशी. नव्या तेलाचा डबा फोडल्यावर आप्पांनी काचेच्या पेल्यात थोडं ओतायला लावलं, सूर्यासमोर धरून फिरवून फिरवून बघितलं. "ह्यात जीव न्हाईत?"

"न्हाईत, आप्पा."

"मग ओत." आणि ते हात पाठीमागं बांधून उभे राहिले. हात मोकळे असते तर गाळणं धरायला आपसूक पुढं गेले असते.

दसऱ्याला भरमूअण्णा गिऱ्हाईक घेऊन आला तो दुपार उलटल्यावर. इस्त्रीची पँट, हातात गाडीच्या किल्ल्यांचं रिकामं कडं. माणूस तयारीनं आला होता. तो गाडीभोवती फिरायला लागला तसे आप्पा डोक्याला रुमाल बांधून बाहेर आले. "तुम्ही बसा. आम्ही तवंदी चढून कणगल्यापातूर जाऊन येतो."

अण्णा म्हणाला, "आप्पा, आत्ता? दिवस कलतोय. अडकला तर परत उपाशी."

"म्हणून तर आत्ता."

आप्पा त्या गाडीत त्याआधी कधी बसले नव्हते. मागच्या सीटवर ते पाटावर बसल्यासारखे मांडी घालून बसले. मी पुढं, कुबडी मांडीवर. गाव मागं पडलं. मी एंजिन ऐकत होते; पहिला, दुसरा, मग तो छोटासा श्वास सोडल्यासारखा आवाज आणि तिसरा. घाट लागला. चढ चढला तसा आवाज घट्ट झाला. वडाचं झाड दिसलं. पद्मक्काचा हात सवयीनं दांड्याकडं गेला, मग तिनं तो परत स्टिअरिंगवर ठेवला. वड आमच्या शेजारी आला, आणि मागं गेला. वर सपाटीला गाडीनं आपण होऊन गिअर बदलला, कुणी पाठ थोपटावी इतक्या हलक्या हातानं.

"हितं दम घ्यायला थांबत हुता न्हवं?" आप्पांनी विचारलं.

"व्हय."

"आता न्हाय थांबायचं?"

"ब्याड आप्पा," पद्मक्का कानडीत म्हणाली. म्हणजे नको. मन भरलं की ती कानडीत जायची. कणगल्यात एंजिन बंद न करताच आम्ही वळलो. परतीला ऊन डाव्या खिडकीतून आत येत होतं, आधी माझ्या मांडीवर, मग पद्मक्काच्या हातांवर. मी त्या उन्हावर नजर ठेवून होते. ते पिवळं झालं, तांबूस झालं. पण विझलं नाही.

गल्लीत शिरलो तर अण्णा आणि ते गिऱ्हाईक कट्ट्यावर उभे. अण्णा आकाशाकडं बघत होता. आप्पा उतरले, आडावर गेले, पाय धुतले. अण्णा मागं मागं गेला. "आज चालली आप्पा. पण उद्याची काय खात्री?"

आप्पांनी डोक्याचा रुमाल सोडला. तोंड पुसत त्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "पावणं, गाडी आता द्यायची न्हाय. ती माझ्या लेकीला जेवायला घरी आणती. तुम्ही बी बसा जेवायला." मग स्वयंपाकघराच्या दारातून मला हाक मारली, "शेवंते, ताटं घे. पाच घे."

मी फळीवरून ताटं काढली. आप्पांचं, पद्मक्काचं, अण्णाचं, पाहुण्यांचं. पुन्हा मोजलं. हातात एक उरत होतं. भिंतीवर आडाच्या बाजूनं आलेली उन्हाची एक पट्टी अजून होती.

"आप्पा, पाचवं कुणाचं?"

"कुणाचं म्हंजे?" आप्पा पाटावर बसत होते. त्यांनी शेजारचा पाट माझ्याकडं सरकवला. "बस लवकर. अजून उजेड हाय."